मलिक अंबर : आधी पाण्याची सोय, मग शहर



चौथीच्या इतिहासात शहाजीराजांचा पाठ शिकवताना मलिक अंबर हे नाव येते. निजामशाहीचा कर्तबगार वजीर, गनिमी काव्यात तरबेज, एवढे सांगून आपण पुढे सरकतो. मुलेही तेवढेच पाठ करतात. परिसर अभ्यासात पाण्याचा पाठ असतो. तिथे आपण पाणी वाचवा, पाणी जिरवा असे फलक करून घेतो. हे दोन्ही पाठ एकाच माणसाला धरून शिकवता येतात, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. म्हणून आजचा हा लेख मलिक अंबरवर.

कमी पाण्याचे शहर म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर राजस्थान, वाळू आणि उंट येतात. जैसलमेर आणि तिथला गडीसर तलाव हे उदाहरण चांगलेच आहे. पण आपल्या महाराष्ट्रातही असे शहर आहे. मराठवाडा हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वाळवंट नसला तरी पाऊस कमी आणि बेभरवशाचा. अशा खडकाळ भागात चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने शहर वसवले आणि शहरासोबतच त्याच्या पाण्याची व्यवस्था केली. ते गाव म्हणजे खडकी, पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. आणि तो माणूस लहानपणी बाजारात विकला गेलेला गुलाम होता!

चला तर मग, त्याची गोष्ट सुरुवातीपासून बघूया.

जन्म आणि बालपण

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील इथिओपिया या देशात झाला. त्या देशाला तेव्हा अरब लोक हबश म्हणत, म्हणून तिथून आलेल्यांना आपल्याकडे हबशी म्हणू लागले. त्याचे लहानपणीचे नाव चापू असे सांगतात. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापारात सापडला. गुलाम म्हणजे नोकर नव्हे, हे मुलांना आवर्जून समजावून सांगा. नोकर काम सोडून जाऊ शकतो, गुलाम जाऊ शकत नाही. त्याची खरेदी-विक्री होते, त्याचे नावही मालक बदलतो. तिसरी-चौथीतल्या एखाद्या लेकराला घरून उचलून दूरच्या बाजारात उभे केले तर त्याचे काय होईल? चापूचे तेच झाले.

तांबड्या समुद्राच्या काठचे मोखा बंदर, मग बगदाद, असा तो हातोहात विकला गेला. बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या मालकाकडे त्याचे नशीब थोडे बरे निघाले. मुलगा हुशार आहे हे ओळखून मालकाने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले. अंबर हे नावही त्याला तिथेच मिळाले. शिक्षण मिळाले, पण स्वातंत्र्य मिळाले नाही. तरीही पुढे जे काही घडले त्याचा पाया या शिक्षणातच होता, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अरबस्तान आणि इराण हा कोरडा मुलूख. इराणमध्ये दोन-अडीच हजार वर्षांपासून डोंगराच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून गावापर्यंत आणत आले आहेत. त्याला कनात किंवा कारेझ म्हणतात. पाणी उघड्यावरून आणले तर उन्हाने निम्मे उडून जाईल, म्हणून ते जमिनीखालून आणायचे. इतका साधा विचार त्यामागे आहे. अशा मुलखातून आलेल्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

दख्खनमध्ये आगमन

१५७० च्या सुमारास अंबरला दख्खनमध्ये आणले गेले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. नाव ऐकून मुले मंगोलियाच्या चंगीझखानाशी गल्लत करतात, तेव्हा तेवढे स्पष्ट करा. हा चंगेजखान स्वतःही एकेकाळी गुलाम होता आणि कर्तबगारीने पेशवेपदापर्यंत पोचला होता. त्याच्या हाताखाली अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. महसूल कसा गोळा होतो, सैन्याची रसद कुठून येते, दरबारात कोण कोणाचे पाय ओढतो, हे सगळे तो बघत होता.

काही वर्षांतच चंगेजखान मरण पावला आणि अंबर मोकळा झाला. वय पंचविशीच्या पुढे, हाती जमीन नाही, मागे घराणे नाही, जवळ नातेवाईक नाही. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. मलिक ही पदवी त्याला तिथली. पुढे तो आपल्या घोडेस्वारांसह पुन्हा निजामशाहीच्या मुलखात परतला.

बुडते राज्य सावरणारा वजीर

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. चांदबिबी मारली गेली होती. निजामशाही संपली असेच सगळ्यांना वाटले. पण मलिक अंबरने राजघराण्यातला एक वारस शोधला, परांडा किल्ल्यावर त्याला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि राज्य पुन्हा उभे केले. सुलतान नावाचा होता, सत्ता अंबरच्या हातात होती, हे खरेच आहे. राजू दख्खनी हा त्याचा प्रतिस्पर्धीही होता. त्याला बाजूला सारायला १६०७ साल उजाडले.

मोगलांचे सैन्य मोठे, तोफा मोठ्या, खजिना मोठा. समोरासमोर लढून टिकाव लागणार नव्हता. म्हणून अंबरने चपळ मराठा घोडेस्वारांच्या तुकड्या हाताशी धरल्या. शत्रूची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात पसार व्हायचे. या लढाईत मराठा सरदार त्याच्या खांद्याला खांदा लावून होते. भोसले घराण्याची भरभराट याच काळात झाली.

बादशहा जहांगीर तर अंबरच्या नावाने इतका चिडायचा की आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख शिव्या दिल्याशिवाय करत नसे. त्याने एक चित्रही काढून घेतले. त्यात जहांगीर अंबरच्या कापलेल्या डोक्यावर बाण मारताना दाखवला आहे. गंमत अशी की हे फक्त चित्रातच घडले. प्रत्यक्षात अंबर शेवटपर्यंत मोगलांच्या हाती लागला नाही.

खडकीची निवड

१६१० मध्ये मलिक अंबरने राजधानीसाठी खडकी हे छोटेसे गाव निवडले. नावातच खडक आहे! जवळ खाम नदी, पण ती काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. मग ही जागा का? दौलताबादचा बळकट किल्ला इथून जवळ, साधारण पंधरा किलोमीटरवर. संकट आले तर किल्ल्यात जाता येईल, आणि एरवी शहराला पसरायला मोकळी जमीन मिळेल.

इथे मुलांना थोडे मागे न्या. याच दौलताबादला १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली होती. काही वर्षांतच बेत फसला आणि लोकांना परतावे लागले. या फसण्याच्या कारणांत पाण्याची टंचाई हेही एक कारण सांगितले जाते. म्हणजे किल्ला कितीही अभेद्य असला तरी हजारो कुटुंबांना रोज हंडाभर पाणी मिळाले नाही, तर राजाचा हुकूम काय कामाचा? माणसांना हुकमाने आणता येते. पाण्याला हुकूम कळत नाही.

अंबरने ही अडचण ओळखली. आधी महाल बांधू, पाण्याचे मग बघू, असे त्याने केले नाही. शहराची उभारणी आणि पाण्याची योजना त्याने बरोबरच हाती घेतली.

नहर-ए-अंबरी : पाणी आले कसे?

हा भाग वर्गात सावकाश शिकवा, कारण यात विज्ञान, भूगोल आणि इतिहास तिन्ही आहेत.

खडकीच्या उत्तरेला डोंगर आहेत. पावसाळ्यात डोंगरावर पडलेले पाणी काही वाहून जाते, काही मातीत आणि खडकाच्या भेगांत मुरते आणि पायथ्याशी जमिनीखाली साठून राहते. अंबरच्या कारागिरांनी पायथ्याशी आणि नदीच्या पात्राजवळ विहिरी आणि बोगदे खोदून हे झिरपणारे पाणी गोळा केले. तिथून ते जमिनीखालच्या चुन्या-विटांच्या बंदिस्त कालव्यातून शहराकडे वळवले. शहरात खापरी नळांतून ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. या कालव्याला नहर-ए-अंबरी म्हणतात.

यात ना मोट होती, ना रहाट, ना पंप. सगळे काम उताराचे! डोंगराचा पायथा उंच, शहर खाली. फक्त तो उतार मोजून-मापून द्यावा लागतो. उतार जास्त झाला तर पाण्याच्या वेगाने नळ झिजतो, कमी झाला तर गाळ बसून वाट बंद होते. कित्येक किलोमीटर जमिनीखालून हा हिशेब बिनचूक ठेवायचा म्हणजे काय काम असेल, विचार करा.

कालव्यावर थोड्या थोड्या अंतरावर वर उघडणारी तोंडे ठेवली होती. तिथून माणूस आत उतरून गाळ काढू शकत असे. काही ठिकाणी उंच मनोरे बांधले होते. नळातून वाहताना पाण्यात हवा अडकते आणि प्रवाह अडतो. मनोऱ्यात पाणी वर चढते, हवा निघून जाते आणि पाणी पुन्हा खाली उतरून पुढे निघते. पाणी पंपाशिवाय वर कसे चढते, असे मुले नक्की विचारतील. तेव्हा एक सोपा प्रयोग करा. दोन बाटल्यांची बुडे कापा, बुचांना भोक पाडून एका पारदर्शक नळीने त्या जोडा आणि पाणी भरा. एक बाटली वर उचलली की दुसरीतले पाणी वर चढते. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत पाणी थांबत नाही. चारशे वर्षांपूर्वीचे ते मनोरे याच तत्त्वावर उभे होते.

हे तंत्र दख्खनला अगदीच नवे होते असे नाही. बिदरला बहमनी काळात असा भूमिगत कालवा खोदला गेला होता. अहमदनगरातही निजामशाहीने खापरी नळांनी पाणी आणले होते. खडकीच्याच काळात, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपूरला अब्दुल रहीम खानखानाच्या वेळी मोगलांनी भूमिगत पाण्याची योजना केली, तीही आज पाहता येते. मजेची बाब बघा. अंबर आणि मोगल एकमेकांचे कट्टर वैरी, पण दोघांच्याही शहरांना तहान सारखीच आणि दोघांचा उपायही सारखाच! अंबरचे वेगळेपण हे, की त्याने ही योजना एका नव्या शहराचा पायाच बनवली.

पाण्यामागून शहर वाढले

पाणी आले तसे शहर वाढू लागले. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. नौखंडा महाल, मशिदी, बाजार उभे राहिले. मराठा सरदारांच्या नावाने मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा असे पुरे वसले. हबशी, दख्खनी मुसलमान, मराठे, अरब, इराणी असे नाना तऱ्हेचे लोक एका गावात नांदू लागले. परदेशी व्यापारी येऊ लागले. पीटर व्हॅन डेन ब्रोके नावाचा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला भेटून गेला आणि त्याच्या राज्यातल्या शिस्तीबद्दल त्याने चांगले लिहून ठेवले.

शेतकऱ्यांसाठी अंबरने केलेले कामही मोठे आहे. पूर्वी महसूल वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि रयतेकडून मन मानेल तितके ओरबाडून घेई. अंबरने ही मक्त्याची पद्धत बंद केली. जमिनीचा मगदूर आणि पीक पाहून सारा ठरवला, गावाच्या पाटलाला वसुलीत जबाबदार धरले. मलिकंबरी धारा या नावाने ही पद्धत महाराष्ट्रात कितीतरी काळ ओळखली गेली. शहाजीराजांच्या जहागिरीतही तिचा आधार घेतला गेला. कमी पावसाच्या मुलखात पीक कधी येते, कधी जाते. पीक पाहून सारा, म्हणजे पाऊस पाहून सारा. पाण्याची जाण कारभारात उतरली ती अशी.

दोनदा उद्ध्वस्त, तरी पुन्हा उभे

सगळे सुरळीत चालले असे मात्र नाही. काही सरदार फुटून मोगलांना मिळाले. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगल फौजांनी खडकीत शिरून घरे-वाडे जाळले, पाडले. त्यातून शहर सावरते न सावरते तोच १६२१ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच्या फौजेने खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली.

पन्नास मैलांवर दुसरी राजधानी करता आली असती. निजामशाहीने तोवर कितीतरी राजधान्या बदलल्या होत्या. पण खडकी पुन्हा त्याच जागी उभी राहिली. वाडा जळतो, बाजार लुटला जातो, पण डोंगराच्या पायथ्याचे पाणी कोणाला लुटून नेता येत नाही. ज्या जागी पाणी येत राहते, तिथे माणसे परत येतात.

आणि तेच पाणी अंबरने शस्त्र म्हणूनही वापरले, हेही सांगायला हवे. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी इथे मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा त्याच्यावर चालून आल्या. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या वाटेवर चिखलच चिखल झाला, तोफा-गाडे रुतले आणि अंबरने मोठा विजय मिळवला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे भाऊ शरीफजी धारातीर्थी पडले. वर्गात इथे थांबून चर्चा घ्या. शहराला पाणी पाजणारा आणि लढाईत तलाव फोडणारा माणूस एकच. भातवडीच्या ज्या शेतकऱ्यांचे रान त्या तलावावर भिजत असेल, त्यांचे पुढे काय? मुलांना विचार करू द्या. थोर माणसाची गोष्ट सांगताना त्याच्या सगळ्याच गोष्टी गोड करून सांगायची गरज नाही.

मृत्यू आणि त्यानंतर

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या जवळपास पोचलेला मलिक अंबर मरण पावला. खुलदाबादला त्याची कबर आहे. त्याच्या मृत्यूनंतर मोगल दरबारातल्या इतिहासकारालाही त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ करावी लागली. परमानंदाच्या शिवभारत या काव्यातही त्याच्या शौर्याचा गौरव आहे. शत्रू आणि मित्र दोघांनी चांगले म्हणावे, असे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

त्याचा मुलगा फत्तेखान याने खडकीचे नाव फत्तेनगर केले. १६३६ मध्ये निजामशाही संपली. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, त्याने इथे मुक्काम ठेवला आणि शहराला आपले नाव दिले. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झाले. राज्ये गेली, नावे बदलली, शहर मात्र वाढतच गेले. लोकसंख्या वाढली तशा नव्या नहरी खोदल्या गेल्या. अठराव्या शतकातली प्रसिद्ध पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरायची. दुरून खापरी नळांतून आलेले पाणी उंचावरून पडे, त्याच्या जोराने जाते फिरे आणि फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. म्हणजे दळण दळूनही पाणी तेवढेच शिल्लक! सहलीला गेलात तर मुलांना हौदाजवळ फोटो काढून परत आणू नका. पाणी कुठून येते ते विचारायला लावा.

मग आज काय?

आज त्या शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येते. धरण खाली, शहर वर, त्यामुळे पंपाने पाणी चढवावे लागते, विजेचा खर्च वेगळा. धरण इतके मोठे, तरी गेल्या काही वर्षांत तिथल्या घरांत कितीतरी दिवसांच्या अंतराने नळ येतो, हे आपण बातम्यांत वाचतोच. नहरींचे काय झाले? काहींवर घरे झाली, काही रस्ते खोदताना फुटल्या, काहींत सांडपाणी शिरले. ज्या डोंगरपायथ्याच्या ओलाव्यावर त्या जगत होत्या, तिथे बोअरवेल झाल्या. तरी काही नहरींत आजही पाणी झिरपते.

इथे भाबडेपणा नको. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या अकरा लाखांच्या वर होती. अंबरच्या नहरीने आज सगळ्यांची तहान भागेल, असे कोणी म्हणणार नाही. धरण आणि पाइपलाइन लागणारच. पण नळ आला म्हणून नहर बुजवायची, हा हिशेब कुठला? घरात गॅस आला म्हणून कोणी अंगणातले झाड तोडत नाही. जुनी सोय बागांना, धुण्याला, आणीबाणीला उपयोगी पडली असती. नहरीचे खरे मरण लढायांत झाले नाही. गाळ काढणारा माणूस आत उतरायचा बंद झाला, तेव्हापासून ते सुरू झाले.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे मराठवाड्याचे झाले, आपल्या कुहीचा काय संबंध? आपल्याकडे पाऊस बरा. आपल्या तालुक्यात अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम. गोसीखुर्दचे पाणी तर नजर पोचेल तिथवर. पण २०१९ च्या जुलैमध्ये नागपूरसारख्या शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली होती, पेंचचे धरण आटले म्हणून. त्याआधी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. टंचाई काही फक्त वाळवंटाची मालकी नाही. भरपूर पाण्याच्या प्रदेशातही ती येते. अशा ठिकाणी तिची तयारी कोणी केलेली नसते, एवढाच फरक.

आणि आपल्या पूर्व विदर्भाचीही स्वतःची नहर आहे की! आपले मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, आणि शेतातल्या बोड्या. उतार पाहून पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवायचे, धानाला द्यायचे. हेही पंपाविना चालणारे शहाणपण. त्यांची अवस्था काय आहे ते गावोगाव आपण बघतोच. गाळ, बेशरमाची झाडे, अतिक्रमण. खडकीच्या नहरीची गोष्ट आपल्या बोडीचीच गोष्ट आहे.

मुलांना यातून काय द्यायचे?

माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, जन्मावरून माणूस ठरत नाही. ज्याला स्वतःचे नावसुद्धा स्वतःचे ठेवता आले नाही, त्याने परक्या मुलखाला आपले मानले आणि हजारो अनोळखी लोकांच्या घागरी भरतील अशी सोय केली. आपल्या वर्गातही परप्रांतातून वीटभट्टीवर आलेल्या, दर दिवाळीनंतर गाव बदलणाऱ्या कुटुंबांची लेकरे बसतात. त्यांच्याकडे बघताना ही गोष्ट आठवावी.

दुसरी, पाणी नळातून येत नाही. ते डोंगरातून, तलावातून, मातीतून येते. नळ हे फक्त शेवटचे टोक. ज्या मुलाला सुरुवात माहीत नाही, त्याला तोटी बंद करायला कितीही सांगा, ते त्याच्या मनात उतरणार नाही.

तिसरी, बांधणे सोपे, सांभाळणे अवघड. उद्घाटनाला सगळे येतात, गाळ काढायला कोणी येत नाही. आपली मुले मोठी होऊन सरपंच होतील, अभियंता होतील, घरमालक होतील. गाळ काढणाऱ्या माणसाचा मान त्यांना आज शिकवला तर उद्या कामी येईल.

उपक्रम आणि प्रश्न

१. आपल्या गावातले सर्वांत जुने पाण्याचे ठिकाण शोधा. विहीर, बोडी, तलाव काहीही चालेल. आजी-आजोबांना विचारा, ते कोणी बांधले, कोण साफ करायचे, कधीपासून बंद झाले?

२. आपल्या घरातले पाणी कुठून येते त्याचा नकाशा काढा. तोटीपासून सुरू करून उलटे मागे जा.

३. दोन बाटल्या आणि नळीचा प्रयोग करून पाण्याची समान पातळी दाखवा.

४. दौलताबाद आणि खडकी यांची तुलना करा. एक राजधानी टिकली नाही, दुसरी टिकली. कारणे लिहा.

५. भातवडीचा बांध फोडणे योग्य होते का? दोन गट करून चर्चा करा. उत्तर एकच नसावे, हे शिक्षकांनी आधीच मनाशी ठरवून ठेवा.

पालकहो, पहिल्या उपक्रमासाठी सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढा आणि मुलाला घेऊन त्या जुन्या विहिरीपर्यंत जा. कठडा सांभाळा, मुलाचा हात धरा आणि आत डोकावून बघा. पाणी असेल तर किती खोल, नसेल तर कधी आटले, एवढे दोनच प्रश्न त्याला विचारू द्या. उत्तर वहीत लिहून शाळेत पाठवा. वर्गातल्या सगळ्या विहिरींची मिळून एक यादी झाली, तर तीच आपल्या गावाच्या पाण्याची पहिली नोंदवही होईल.

लेख वर्गात वापरता आला तर जरूर वापरा.